साथीनंतरची मजुरी

साथीत किती माणसे दगावली, हे इतिहासात लिहिलेले सापडते. जी वाचली त्यांची नोकरीकडे पाहण्याची नजर कशी बदलली, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून ही थोडी हकिकत भगिनींपुढे ठेवते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईस मांडवी भागात प्लेग सुरू झाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गावोगाव पळाले. गिरण्यांना माणसे मिळेनात, तेव्हा मालकांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून मजुरांना जास्त दराने बोलावू लागली.

त्याआधी गिरणीचा रिवाज असा, की महिना भरला तरी पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर मिळायचा. म्हणजे दीड महिना वाण्याच्या वहीवर जगायचे. वाण्याची वही काय असते, हे आपणा बायकांना कोणी सांगायला नको! अडकलेल्या पैशापायी माणूस काम सोडून जाऊ शकत नसे. प्लेगात मात्र उद्या आपण असू की नाही याचीच खात्री नव्हती; मग दीड महिन्याचा पगार मालकाकडे कोण ठेवणार? मजूर म्हणू लागले, आजचे दाम आजच द्या. गरजेपोटी कित्येक गिरण्यांनी ते दिलेही. रोज मिळकत हातात पडली म्हणजे कोणत्याही संध्याकाळी बोचके बांधून गावी जाता येते. १८९७ साली याच रोजच्या पगारासाठी मुंबईच्या कामगारांनी संप केला. पगार वाढवा यापेक्षा तो हातात द्या, ही मागणी मला फार शहाणपणाची वाटते.

कोरोनाचे तर आपण डोळ्यांनी पाहिले. २५ मार्च २०२० पासून सारे बंद झाले आणि मजूर पायी निघाले. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले. पुढे कामे सुरू झाली तेव्हा ठेकेदारांना उचल आणि गाडीभाडे देऊन माणसे परत बोलवावी लागली.

आमच्या भिंगारातही तेव्हा पुण्या-चाकणहून मुले परतली. बरीच पुन्हा गेली. आमच्या गल्लीतला एक गेला नाही, त्याने सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी धरली. पगार कमी आहे. पण खोलीचे भाडे आणि खानावळ वाचते, ते त्याची आई पगारातच धरून सांगते.