घरगुती दुरुस्तीनंतर मोटारसायकल सुरू न झाल्यास

प्लग साफ करणे, एअर फिल्टर बदलणे, बॅटरी काढून पुन्हा बसवणे यांसारखी कामे अनेक वाहनधारक घरीच करतात. मात्र कामापूर्वी व्यवस्थित चालणारी मोटारसायकल काम संपल्यावर सुरूच होत नाही, असा अनुभव काही वेळा येतो. देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाहने दुचाकी आहेत. दूधविक्रेते, फेरीवाले आणि घरपोच माल पोहोचवणारे कर्मचारी यांची त्या दिवसाची कमाई याच वाहनावर अवलंबून असते. अशा वेळी घाईने आणखी भाग उघडल्यास मूळ दोष सापडणे कठीण होते.

दोष शोधण्याचा पहिला नियम सोपा आहे. काम करण्यापूर्वी इंजिन सुरू होत होते. त्यामुळे दोष बहुधा हात लागलेल्या भागात किंवा त्याच्या शेजारी असतो. केलेल्या कामांची क्रमवार यादी करावी आणि शेवटच्या कामापासून मागे जात प्रत्येक जोडणी तपासावी. एका वेळी एकच बदल करावा.

सर्वप्रथम किल स्विच चालू स्थितीत आहे का, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, हे पाहावे. अनेक गाड्यांमध्ये साइड स्टँड खाली असताना किंवा क्लच दाबला नसताना इंजिन सुरू होत नाही. काम करताना या स्विचची तार निसटली असल्यास परिणाम तोच होतो.

चावी फिरवूनही दिवे लागत नसतील तर फ्यूज आणि बॅटरीच्या जोडण्या तपासाव्यात. बॅटरी काढताना आधी ऋण आणि मग धन जोडणी सोडवावी. बसवताना हा क्रम उलट ठेवावा. तारांची अदलाबदल झाल्यास फ्यूज जळतो आणि इलेक्ट्रॉनिक भागांचीही हानी होऊ शकते. दिवे लागतात, पण सेल्फचे बटण दाबल्यावर नुसता टकटक आवाज येतो, याचा अर्थ बहुधा बॅटरी क्षीण आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. पूर्ण भारित बॅटरीचा दाब विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक असतो. सेल्फचे बटण एका वेळी ५ सेकंदांहून अधिक दाबून ठेवू नये.

इंजिन फिरते, पण सुरू होत नाही, अशा स्थितीत प्लगची टोपी घट्ट बसली आहे का, हे पाहावे. प्लग काढल्यावर तो पेट्रोलने ओला आढळल्यास इंजिनात इंधन अधिक झाले आहे, असे समजावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लग कोरडा करून बसवावा, चोक बंद करून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण फिरवावा आणि काही वेळा किक मारावी. प्लग कोरडाच असल्यास पेट्रोलचा कॉक उघडा आहे का आणि नळी दुमडलेली नाही ना, याची खात्री करावी. कार्ब्युरेटर साफ केल्यानंतर त्यातील वाटी पुन्हा भरण्यास थोडा वेळ लागतो. एअर फिल्टरच्या डब्यात पुसण्याचे फडके राहून गेल्याची उदाहरणेही विरळ नाहीत.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यानंतर नव्या मोटारसायकलींमध्ये कार्ब्युरेटरची जागा प्रामुख्याने इंधन इंजेक्शन प्रणालीने घेतली. अशा बहुतेक गाड्यांत चावी फिरवताच पंपाचा दोन-तीन सेकंद मंद आवाज येतो. तो न आल्यास पंपाचा प्लग, फ्यूज आणि किल स्विच तपासावा. इंजिनाचा इशारादर्शक दिवा विझत नसल्यास एखाद्या सेन्सरची जोडणी निसटली असण्याची शक्यता असते. बॅटरी पूर्ण उतरली असल्यास ही गाडी ढकलून सुरू होत नाही, कारण पंप आणि नियंत्रण यंत्रणेला वीज लागते.

टॅपेट जुळवल्यानंतर किक नेहमीपेक्षा हलकी वाटत असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसावा. टायमिंग चेन उघडली असल्यास खुणा जुळल्याची खात्री होईपर्यंत इंजिन फिरवू नये. चेन चुकीच्या दात्यावर बसल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतो आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या खर्चात होते. हे काम जाणकार कारागिराकडे सोपवणेच श्रेयस्कर ठरते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून ती जमिनीलगत साचते. त्यामुळे इंधनाचा वास येत असताना ठिणगीची चाचणी घेऊ नये आणि जवळपास ज्योत किंवा विडी-सिगारेट असू नये. बंद खोलीत इंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक ठरू शकतो.

पुढील वेळी भाग उघडण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे आणि काढलेले स्क्रू क्रमाने मांडावेत. एवढ्या काळजीने बहुतेक चुका टळतात आणि झालेली चूकही लवकर सापडते.