घंटा कोणाची, हात कोणाचे?

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या मागे भीमाशंकरचा डोंगर आहे. तिथल्या देवळासमोर एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पाने वसई जिंकली आणि चर्चमधल्या अशा अनेक घंटा घाटावरच्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आजही वाचता येते. परधर्माची घंटा देवाच्या दारात चालली, तिचा विटाळ झाला नाही. त्याच दाराची पायरी महाराला वर्ज्य होती, आणि गणती करताना मात्र तो हिंदूच! मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली.

ही घंटा डोक्यात घेऊनच शहापूरच्या काही विद्यार्थ्यांबरोबर मी जुन्या गोव्यातले ख्रिस्ती कला संग्रहालय पाहिले. १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झालेला हा संग्रह २००२ पासून सांता मोनिका मठात आहे. चांदीचा पेलिकन पक्षी पाहून डोळे दिपतात. पण आम्ही थबकलो ते हस्तिदंती मेंढपाळ ख्रिस्तापाशी. गोव्यात घडलेल्या या मूर्तींत तो डोळे मिटून, गालाला हात लावून बसलेला असतो. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, हा तर बुद्धासारखा दिसतो." अभ्यासकांनीही हे साम्य नोंदवले आहे.

ते उगाच आले नाही. या मूर्ती घडवणारे हात इथल्याच कारागिरांचे होते, पुष्कळदा ख्रिस्तीही नसलेल्यांचे. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने अशांकडून मूर्ती-चित्रे करून घेण्यास मनाई केली, तरी काम चालूच राहिले. हात हवे होते, माणूस नको होता. हस्तिदंत आफ्रिकेहून येत असे, आणि तिथून आणलेली माणसेही याच शहरात लिलावात विकली जात.

याच राशोलला १६१६ साली फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले. भाषा आपली झाली, जात मात्र चर्चमध्येही शाबूत राहिली. ब्राह्मण आणि चाड्डो ख्रिश्चनांनी आपापल्या कोंफ्रारी वेगळ्या ठेवल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तर उलटीच मेख मारली. धर्मांतरित शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली अनुसूचित जातींत स्थान मिळाले, दलित ख्रिश्चन अजून बाहेरच आहेत.

परतताना गाडीत मुलांचा एकच प्रश्न चालला होता : वसईची ती अवजड घंटा भीमाशंकरच्या डोंगरावर चढवली कोणी? मी त्यांना एवढेच सांगितले, की सरकारी ओझी वाहणे हे महारकीच्या कामांतलेच एक काम होते.