गिरडची टेकडी आणि तिचे गोटे

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड आहे. गावाला लागून झाडीची टेकडी आणि टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनुसार ख्वाजा शेख फरीद तीस वर्षं फकिरीत हिंडले आणि 1244 च्या सुमारास या टेकडीवर राहिले. बाबा फरीदुद्दीन गंजशकर यांची मजार मात्र पाकपट्टणला, आजच्या पाकिस्तानात आहे. म्हणून बरेच भाविक गिरडला त्यांच्या चिल्ल्याची, म्हणजे एकांत साधनेची जागा मानतात.

टेकडीवर गोल गोटे सापडतात. दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या नारळांसकट सगळ्या मालाचे दगड झाले, अशी कथा गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. उर्दूच्या वाचनात मला गंजशकरांची दुसरी कथा भेटते. साखर नेणारा व्यापारी ‘गोण्यांत मीठ आहे’ असं खोटं सांगतो आणि साखरेचं खरोखर मीठ होतं. साचा एकच आहे. मला वाटतं, कथा इथे आली आणि तिने इथलेच गोटे उचलले.

भूगर्भशास्त्राचं उत्तर वेगळं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खनिजमिश्रित पाणी मुरून त्या पोकळ्यांत झिओलाइट साचलं. वरचा काळा खडक झिजला आणि आतले गोटे मोकळे झाले.

दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडायला येतात. वर्दळ वाढली तशी दुकानं आणि गाड्या वाढल्या. वयस्कर माणसांना रस्ता हवाच, पाणी आणि संडासही हवेत. पण प्रत्येक सपाटीकरणात थोडी झाडी जाते आणि थोडे गोटे मुरुमाखाली दडतात. शिवाय गिरडचं जंगल उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा यांच्या मधल्या पट्ट्यात येतं. वाघांची ये-जा याच भागातून होते. इथली झाडी केवळ दर्ग्याची सावली नाही.

माझ्या मते गाड्या पायथ्याशीच थांबाव्यात. चालता न येणाऱ्यांसाठी वर जाण्याची सोय असावी. गोटे घरी नेऊ नयेत. आणि दर्ग्याजवळ मराठीत व उर्दूत एक फलक हवा, त्यावर व्यापाऱ्यांची कथा आणि लाव्हाची हकिकत शेजारी शेजारी लिहावी. वर्गातली मुलं दोन्ही तितक्याच आवडीने ऐकतात, हा माझा अनुभव आहे. फक्त हकिकत सांगताना दाखवायला गोटा जागेवर असायला हवा.