भीमाकाठचा कडू भोपळा

कडू भोपळ्याची भाजी होत नाही. तरीही उजनी धरणाच्या खालच्या अंगाला, पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या टापूत भीमेकाठचे काही शेतकरी तो मुद्दाम लावतात. त्याचं मोठं गिऱ्हाईक मिरजेला असतं. त्याचा वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीवरच पसरू देतात. टांगलेला भोपळा लांबट होतो. भुईवर बसलेला बुडाला चपटा आणि पोटाला गोल होतो, आणि तंबोऱ्याला तसाच लागतो. फळ कोवळं काढून चालत नाही. साल टणक होईपर्यंत ते शेतातच राहतं. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मिरजेचे कारागीर येतात, भोपळे हाताळून, घेर पाहून, वाजवून निवडतात. पुढे महिनोन्‌महिने सुकवणं, भिजवणं, कापणं, आतला गर खरवडणं. मग त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी चढते.

रागांची कुळकथा सांगताना बहुतेक जण सामवेदापासून सुरुवात करतात. मला ती या भोपळ्यापासून सांगावीशी वाटते, कारण आज आपण ज्याला राग म्हणून ओळखतो, त्याचं घर ठरतं ते तंबोऱ्याच्या षड्जाने.

नेहमीचंच उदाहरण घेऊ. भूप रागाचे स्वर पाच: सा रे ग प ध. गळ्यातले हे पाच स्वर तसेच ठेवा आणि फक्त तंबोरा बदला. भूपाच्या गंधाराला सा मानून तंबोरा लावला, तर त्याच पाच स्वरांचा मालकंस ऐकू येतो. पंचमाला सा केलं की दुर्गा, रिषभाला केलं की मधमाद सारंग, धैवताला केलं की धानी. एका स्वरावलीतून पाच चेहरे! जुन्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणत. भरताच्या नाट्यशास्त्रातली आणि मतंगाच्या बृहद्देशीतली मांडणी याच हिशेबाने चालते. तिथे आरंभाचा स्वर सरकतो आणि स्वरांमधली अंतरं तीच राहतात.

मराठी माणसाला एक गोष्ट माहीत असायला हरकत नाही. या जुन्या विद्येचा सर्वांत मोठा ग्रंथ, शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर, तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादवराजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला. त्यात वीणांची कितीतरी वर्णनं आहेत, पण गायकाच्या पाठीमागे अखंड सा धरून बसणारा आजचा तंबोरा नाही. तो स्पष्ट दिसू लागतो मुघल काळातल्या चित्रांत. षड्ज असा जागेवर बसल्यावर मूर्च्छनांचा सरकता हिशेब मागे पडला. सा आणि पंचम अचल झाले, बाकीचे स्वर कोमल-तीव्र होऊ लागले आणि मेळ किंवा थाट मोजायची पद्धत सोयीची झाली. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१० पासून मराठीत लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’च्या खंडांतून बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी हे दहा थाट रूढ झाले, ते या अचल षड्जाच्याच भरवशावर. मारव्यासारखा राग पंचम टाळतो, म्हणून त्याच्यासाठी तंबोऱ्याची पहिली तार निषादाला ओढतात. मालकंसाला ती मध्यमात लागते.

जाता जाता एक गंमत. बेगमपूरसमोरच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. दरबारातून गाणं घालवणारा बादशहा म्हणून ज्याची ख्याती, तो उतरला कुठे, तर पुढे तंबोऱ्यांना भोपळे पुरवणाऱ्या काठावर.

मिरजेत तंबोरे होऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. हत्यारांचे दिवस सरत आले होते आणि शिकलगारांच्या हाताला काम नव्हतं. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता घडवायला घेतली. पटवर्धनांच्या संस्थानाचा आश्रय होता. पुढे या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. दक्षिणेत तंजावरकडे तंबोऱ्याचं पोट फणसाच्या लाकडात कोरतात. मिरजेने मात्र भोपळा धरला.

मिरजेला पुढे राहायला आले ते किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ. त्यांचा कान फार बारीक होता. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर आणि क्लेमेंट्स हे न्यायाधीश बावीस श्रुतींचं गणित मांडत होते, तेव्हा गळ्याने प्रत्यक्ष स्वर लावून दाखवायला खाँसाहेब होते. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत देवल-क्लेमेंट्स यांच्या श्रुति-हार्मोनियमवर वादही झाला. मला विचाराल तर त्या हार्मोनियमपेक्षा तंबोऱ्याची जवारी अधिक शहाणी. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा अगदी हलक्या उताराचा घासतात आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढेमागे झाला की बोथट आवाज एकदम उमलतो. खर्जाची तार नीट जमली, तर तिच्यातून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तारेचा तो पाचवा स्वरांश. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. घोडी तारेचा कंप खालच्या तबलीला देते आणि भोपळ्याची पोकळी तो भरीव करून बाहेर टाकते.

आता पुन्हा भीमेकाठी, उजनीकडे. धरण १९८० साली पुरं झालं. ११७ टीएमसीचा यशवंतसागर भरला, करमाळा, माढा आणि इंदापूरकडची गावं पाण्याखाली जाऊन वर सरकली आणि खालच्या काठाला कालव्याचं, नदीत सोडलेलं पाणी आलं. पाण्यामागून ऊस आला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. उसाची तोड ठरलेली, कारखाना ठरलेला. भोपळ्याचं तसं नाही. रान निम्मं वर्ष अडकून पडतं, फळ तडकलं किंवा किडलं तर कवडी मिळत नाही, आणि घेणारे मोजके. शेतकऱ्याने ऊस धरला यात नवल ते काय? त्यात पूर. ऑक्टोबर २०२०मध्ये अतिवृष्टी झाली, धरणातूनही पाणी सोडलं आणि भीमेने पंढरपूरच्या घाटांवरून शहरात शिरकाव केला. काठावरच्या वेलाने अशा वेळी कुठे जावं!

योगायोग असा की उजनी पुरी होत होती त्याच सुमारास बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. आता तो मोबाइलमध्येही आहे, आणि रियाजाला वाईट नाही. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिरजेचं, म्हणजे कारागिरीचं. भोपळ्याचं रान राखायला ते थेट काही देत नाही.

मैफलीत तंबोरे दोन लागतात, जोडीने. जोडी जमवायची तर घेराला, सालीच्या जाडीला आणि आवाजाला एकमेकांच्या जवळचे दोन भोपळे हवेत. ते मिळवायला कारागिराला पुष्कळ वेलांवरून हात फिरवावा लागतो. लागवड जितकी आक्रसेल, तितकी अशी जोडी सापडणं महाग होत जाणार.