दोन दुष्काळ आणि एक छापखाना

केडगावं दोन आहेत. एक आमच्या नगरला लागून असलेलं आणि दुसरं दौंड तालुक्यातलं, पुणे–सोलापूर रेल्वेवरचं. मी सांगतोय ते दुसरं. तिथल्या, पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनचं नाव निघालं की आमच्या ख्रिस्ती घरांत लगेच १९०५च्या आत्मिक जागृतीच्या, रात्ररात्र चाललेल्या प्रार्थनांच्या गोष्टी सुरू होतात. त्या मी लहानपणापासून ऐकल्यात आणि खरं सांगायचं तर त्यांत माझं मन कधी रमलं नाही. मी उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवली. केडगावच्या बाबतीत मला ओढ आहे ती तिथल्या छापखान्याची, आणि तिथे खिळे जुळवणाऱ्या बायकांची.

पण त्या छापखान्याची गोष्ट १८७४ साली, दक्षिणेतल्या दुष्काळात सुरू होते.

अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. बायकोला त्यांनी संस्कृत शिकवलं, त्यासाठी समाजाचा रोष पत्करला आणि पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. त्यांची मुलगी रमाबाई, तिचा जन्म तिथलाच, २३ एप्रिल १८५८चा. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत पुराणं सांगू लागलं. भागवताचे अठरा हजार श्लोक या मुलीला तोंडपाठ होते. मग दुष्काळ आला. जवळ होतं ते अनुष्ठानांत, दानधर्मात संपलं. तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठमूठ रानखजूर यांवर काढल्याचं रमाबाईंनी लिहून ठेवलंय. वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळेना, तेव्हा सोळा वर्षांची रमा पुढे झाली. उंची कमी पडली म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर होतं.

हे सगळं सांगताना रमाबाईंनी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. चरित्रकार ती भरभर ओलांडून जातात, मी मात्र तिथे दर वेळी थांबतो. घरात विद्या भरपूर होती, पण पोटासाठी हाताने करता येईल असं काम कुणालाच येत नव्हतं. अंगमेहनत करायची तर जात आडवी येई, भीक मागायची तर लाज.

उरले भाऊ-बहीण, श्रीनिवास आणि रमा. हजारो मैल पायी. झेलमच्या काठी थंडी सोसवेना तेव्हा दोघांनी खड्डे खणले, आत उतरले आणि तोंड तेवढं उघडं ठेवून अंगावर नदीची कोरडी वाळू ओढून घेतली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, ब्राह्मणाच्या मुलीने कायस्थाशी केलेलं, म्हणून पुन्हा गहजब. १८८२च्या फेब्रुवारीत ते पटकीने गेले. पदरात एक वर्षही पुरं न झालेली मनोरमा.

एवढं झाल्यावर बाई ख्रिस्ती झाल्या याचं नवल नाही, दुःखात माणूस कुठलाही आधार धरतो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते मला पटत नाही, कारण आधार शोधणाऱ्या माणसासारखं त्या वागल्याच नाहीत. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या मठात असताना बरोबरच्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर गप्प बसल्या म्हणावं, तर तेही नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून, चर्चच्या अधिकारावरून त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचला, तर आपल्या पाळकसाहेबांपुढे मान खाली घालून बसणारा मराठी ख्रिस्ती माणूस जरा ताठ बसेल.

त्यांना हलवून गेलं ते दुसरंच काही. लंडनजवळ फुलहॅमला त्याच मठाच्या भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना जवळ घेऊन सांभाळत होत्या. आपल्याकडे अशा बायकांना कुठला धर्म दारात उभं करतो, हे रमाबाई जाणून होत्या. तुम्ही हे कशामुळे करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाईंनी हे नोंदवलंय. त्याच साक्षीत त्या असंही म्हणतात की, ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त गवसायला त्यानंतर आठेक वर्षं गेली. म्हणजे बाप्तिस्मा झाला आणि दुःखाचा अर्थ लागला, असा हिशेब त्यांनी स्वतः कधी मांडला नाही.

माझी बायको गेली तेव्हा घरी उपासनेला आलेले एक पाळक म्हणाले, ‘देवाने काही योजनेनेच नेलं असेल.’ मी त्यांना चहा दिला. उत्तर दिलं नाही, कारण मला ते सुचलं नाही. पुढे रमाबाईंचं लिखाण सलग वाचलं. आईवडिलांची उपासमार देवाने कशासाठी घडवली, याचं तयार उत्तर त्यात शोधू लागलो आणि माझ्या हाती लागलं ते निराळंच.

ते १८९६-९७मध्ये दिसतं. मधल्या काळात अमेरिका झाली, मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी विधवा मुलींसाठी शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९३ साली मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठलं. ‘केसरी’ने झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. निराधार, अल्पवयीन मुलींसमोर धर्म ठेवणं कितपत बरोबर, हा प्रश्न खोटा नव्हता, आणि मी ख्रिस्ती आहे म्हणून तो झाकणार नाही. या सगळ्यात केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतलेली होती, फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावं म्हणून.

तेवढ्यात मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि तिथल्या मुलींची हाडं बघून त्यांना स्वतःचे १८७४ ते ७७चे दिवस आठवले. त्यांनी ते तसं लिहिलंय. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. प्लेगमुळे एवढ्या मुली पुण्यात ठेवायला मनाई झाली, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उठल्या. प्लेगच्या सरकारी इस्पितळातल्या कारभारावर त्यांनी वर्तमानपत्रातून उघड टीकाही केली. ती गव्हर्नरला झोंबली. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तीतली वस्ती दीड हजारावर गेली.

तिथे मुलींच्या हाती काम दिलं गेलं. शेती, गुरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना. फुलहॅमला पाहिलेलं कृपा सदनात उतरलं. गावाने टाकलेल्या बायकांना तिथे जागा मिळाली. मनोरमाने अमेरिकेत ब्रेल शिकून ती इथल्या अंध मुलींना शिकवली. ज्या घरात अठरा हजार श्लोक होते पण हातात धंदा नव्हता, त्या घरातल्या एकट्या उरलेल्या मुलीने हे सगळं उभं केलं. आपल्या उपासमारीचा अर्थ तिने असा लावला, असं माझं मत आहे.

आता छापखाना. खिळे ठेवायच्या इंग्रजी केसला दीडेकशे घरं पुरतात. देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून चारशेच्या वर लागतात. मजकूर वाचत खिळा उचलायचा, स्टिकमध्ये उलटा बसवायचा, आणि छपाई झाली की एकेक खिळा पुन्हा आपल्या घरात टाकायचा. हात बसायलाच महिनोन्महिने लागतात. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुलींना हे शिकवलं गेलं, आणि त्यांच्याकडून अख्खं बायबल जुळवून घेतलं गेलं, तब्बल सहासष्ट पुस्तकं. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर करत राहिल्या. अनुवाद, प्रुफं, जुळणी, छपाई, सगळं एकाच आवारात. बाईंच्या छापखान्यात बाईने केलेलं भाषांतर बायकांनी छापलं, याचं कौतुक आमच्या मुद्रणव्यवसायाच्या इतिहासात फार कमी वाचायला मिळतं. हा आमच्याच धंद्याचा करंटेपणा.

काम संपत आलं तेव्हा मनोरमा गेली, १९२१च्या जुलैत. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी मुलगी. रमाबाईंनी प्रुफं तपासणं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बायबल बाहेर आलं १९२४ साली.

मुक्ती आजही केडगावला चालू आहे. वाचकांना एवढंच सांगणं आहे की तुमच्या माळ्यावर आजी-पणजीच्या ट्रंकेत मुक्तीच्या छापखान्यातलं एखादं जुनं पुस्तक असेल तर रद्दीत घालू नका. शीर्षकपान बघा, मुद्रणस्थळ केडगाव असेल तर पुण्या-नगरच्या एखाद्या चांगल्या ग्रंथालयात नेऊन द्या.