वाचनालयातील ढेकूण

ग्रंथांच्या शत्रूंची जी यादी आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे, तीत वाळवी, कसर, उंदीर, ओल आणि नेलेले पुस्तक परत न करणारा स्नेही यांना मानाचे स्थान असले, तरी ढेकणाचे नाव तीत सहसा आढळत नाही. आणि ते न्याय्यच आहे, कारण हा प्राणी कागदाला तोंड लावीत नाही, बांधणीची खळ चाटीत नाही, त्याचा निर्वाह चालतो तो केवळ रक्तावर. पोथ्या बासनात बांधून, त्यांत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला घालून त्यांना ऊन दाखविणाऱ्या पिढ्यांनी जो बंदोबस्त केला, अथवा बांधणाऱ्याने खळीत मोरचूद कालवून जी खबरदारी घेतली, ती सर्व कागद खाणाऱ्यांविरुद्ध होती. ढेकूण ग्रंथालयात शिरला तो ग्रंथांच्या मागून नव्हे, वाचकांच्या मागून.

रत्नागिरीस १८२८ साली, नाशकास १८४० साली व पुण्यास १८४८ साली वाचनालये स्थापन झाली, तेव्हा वर्गणीदारांचा परिवार मर्यादित होता. पुढे वृत्तपत्रांचे वाचन वाढले, मोफत वाचनकक्ष उघडले, १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला, आणि वेताच्या खुर्चीत तासन् तास बसणे हा नागरिकाचा हक्क ठरला. ही वेताची खुर्ची म्हणजे ढेकणांची बावनखणीच होय! विणीच्या छिद्राछिद्रांत, चौकटीच्या सांध्यांत, बाकाच्या फटींत दिवसा दडून राहणारा हा जीव, अन्नावाचून कित्येक महिने काढू शकत असल्यामुळे, दीर्घ सुट्टीनंतर उघडलेल्या वाचनालयातही वाचकाच्या स्वागतास हजर असे. तो मूळचा चाळीतल्या खाटेवरचा की वाड्यातल्या गादीतला, हा वाद व्यर्थ आहे. घरी नेलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यामागील पोकळीत बसून तो दोन्हीकडून येई आणि दोन्हीकडे जाई.

उपाय घरगुतीच होते. खुर्च्या उन्हात टाकणे, सांध्यांत उकळते पाणी ओतणे, राॅकेलाचा बोळा फिरविणे, हे लाकडाला मानवले, तरी पुस्तकाला त्यांतले एकही सोसणारे नव्हते. राॅकेलाचा डाग पानातून जात नाही.

या प्राण्यावर रोगप्रसाराची फिर्यादही गुदरली होती. १९०७ च्या सुमारास मद्रासेत डॉ. पॅटन यांनी काळ्या आजाराचा संशय त्याच्यावर घेतला. परंतु १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी वालुमक्षिकेचा दोष सिद्ध केला आणि ढेकूण निर्दोष सुटला. वाचनालयाच्या चिटणीसास या निवाड्याचे समाधान वाटण्याचे कारण नव्हते, कारण वाचक तक्रार करी ती रोगाची नव्हे, खाजेची.

नंतर डीडीटीचा अंमल सुरू झाला. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ साली ओळखणाऱ्या पॉल म्युलर यांस १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच्या आदल्याच वर्षी हवाईत या चूर्णाला न जुमानणारे ढेकूण आढळले होते! आपल्याकडेही पुढे टिक-ट्वेंटी या ढेकूणनाशकाच्या बाटल्या घरोघर आल्या. वाचनालयांना अधिक टिकाऊ साहाय्य झाले ते मात्र सुताराकडून नव्हे, लोहाराकडून: वेत गेला आणि लोखंडी घडीच्या खुर्च्या आल्या, ज्यांत दडायला जागा कमी. वाचकाच्या पाठीला त्या कितपत मानवल्या, हा प्रश्न कोणत्याही कार्यकारी मंडळाने विचारास घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.