भेंडी बाजार पुनर्विकास
भेंडी बाजार पुनर्विकास : दक्षिण मुंबईतील भेंडी बाजार या जुन्या वस्तीची एका समाजाच्या विश्वस्त निधीने हाती घेतलेली पुनर्रचना. क्षेत्र सु. 16.5 एकर (6.7 हेक्टर). त्यात सु. 250 इमारती, 3,200 कुटुंबे व 1,250 दुकाने यांचा समावेश होता. वस्तीचे नाव काहीजण भेंडीच्या झाडांवरून पडल्याचे मानतात, तर काही ‘बिहाइंड द बझार’ या इंग्रजांच्या प्रयोगाचा तो अपभ्रंश समजतात. दुसरी व्युत्पत्ती रंजक असली, तरी तिला पुरावा नाही. संगीतातील भेंडीबाजार घराणे याच परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आले. नजीर खाँ यांच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर या त्याच घराण्याच्या होत.

बंदर व बाजारपेठ यांच्या आश्रयाने आलेल्या व्यापाऱ्यांसाठी व कामकऱ्यांसाठी येथे चाळवजा इमारती उभ्या राहिल्या. एकेक खोली व मजल्यावर सामाईक शौचालय, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असे. बहुतेक पुरुष एकटे राहत, तोवर ती पुरली. पुढे त्याच खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार झाले. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. परंतु घरे पाडण्याचा त्याचा वेग नवी घरे बांधण्याच्या वेगाहून अधिक होता.

वस्तीच्या ऱ्हासाचे मूळ मात्र रहिवाशांच्या अनास्थेत नव्हे, तर मालकी व भाडे यांच्या संबंधात शोधावे लागते. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीस जखडली. भाडेकरूस संरक्षण मिळाले, पण दुरुस्तीत मालकाला स्वारस्य उरले नाही. भाडेकरूने खर्च करावा, तर इमारत त्याची नव्हती. पागडीच्या व्यवहारांनी हा गुंता वाढविला. 1969 च्या कायद्यान्वये जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमण्यात आले. शहरातील सु. 19,600 इमारती त्याच्या कक्षेत आल्या. एवढ्या पसाऱ्यास टेकू देण्यापलीकडे मंडळाची मजल क्वचितच गेली.

भेंडी बाजारात दाऊदी बोहरा समाजाची संख्या मोठी आहे. समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन (मृ. 1965) यांची रौदत ताहेरा ही संगमरवरी कबर येथेच आहे. त्यांचे पुत्र व उत्तराधिकारी सय्यदना मुहम्मद बुरहानुद्दीन यांच्या प्रेरणेने 2009 मध्ये सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच वर्षी विकास नियंत्रण नियमावलीतील 33 (9) या नियमाच्या सुधारित रूपाने समूह पुनर्विकासास 4 चटई क्षेत्र निर्देशांक मिळू लागला. त्यासाठी 70 टक्के रहिवाशांची संमती आवश्यक होती. एकेक मालक गाठून इमारती खरेदी करणे, हे ट्रस्टचे पहिले व सर्वांत किचकट काम ठरले. रहिवाशांना संक्रमण निवासात हलवून नंतर किमान 350 चौ. फुटांचे घर विनामूल्य व मालकी हक्काने द्यावयाचे आणि उरलेल्या जागेच्या विक्रीतून खर्चाचा काही भाग भरून काढावयाचा, अशी ही योजना. बोहरेतर भाडेकरूंनाही तीत हेच हक्क मिळाले. संमतीची अट पाहता याहून वेगळे करणे शक्यही नव्हते.

समाजाचा पैसा व धर्मगुरूंचा शब्द यांमुळे जे विश्वासाचे भांडवल लाभले, ते सामान्य विकासकाजवळ नसते. तरीही काम मंद गतीने चालले. 31 ऑगस्ट 2017 रोजी पाकमोडिया मार्गावरील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. इमारत प्रकल्पक्षेत्रातच होती व धोकादायक ठरविली गेली होती. काही कुटुंबे हलविली गेली होती, काही राहिली होती. जागा सोडल्यास हक्क जाईल, ही मुंबईच्या भाडेकरूची जुनी धास्ती अशा प्रसंगी विश्वासावरही मात करते.

पहिल्या टप्प्यातील दोन उंच इमारतींत 2020 नंतर मूळ रहिवासी परतू लागले. स्वतंत्र शौचालय ही त्यांतील अनेक कुटुंबांच्या दृष्टीने मोठी सुधारणा होय. गल्लीशी जडलेला किरकोळ व्यापार मनोऱ्यांच्या रचनेत कितपत टिकेल, याविषयी वास्तुतज्ञांत मतभेद आहेत. आणि ज्या वस्तीत असा संघटित, सधन समाज नाही, तेथे हा मार्ग चालणे कठीण आहे.